पुण्याच्या हिशेबापलीकडची सेवा : पंडिता रमाबाई

दुष्काळ बीड जिल्ह्याला नवा नाही. १९७२ चा दुष्काळ सोसलेली पिढी आजही गावोगावी भेटते. २०१२-१३ आणि २०१८-१९ मधील चारा छावण्या तर अनेकांच्या डोळ्यांसमोर आहेत. अशा संकटात मदतीचे हात पुढे येतात. कोणी पुण्यासाठी देतो, कोणी नावासाठी, तर कोणाला शेजाऱ्याचे हाल पाहवत नाहीत. माणसाने परक्यासाठी का झिजावे, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर मनाशी बाळगला आणि त्याचे उत्तर कृतीतून दिले, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, असा दंडक असतानाही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती भाषा शिकविली आणि पुढे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत असे. हाती येईल ते दानधर्मात खर्च करावे, देव सांभाळून घेईल, अशी त्यांची निष्ठा होती.

१८७० च्या दशकातील दुष्काळाने या निष्ठेची कठोर परीक्षा घेतली. दागिने गेले, भांडी गेली. व्रते, स्नाने आणि दान मात्र थांबले नाही. अखेर रानातील पाने खाण्याची वेळ आली. प्रथम वडील, काही आठवड्यांनी आई आणि त्यानंतर थोरली बहीण असे तिघेही गेले. आईने प्राण सोडला तो रायचूरला. बीडप्रमाणेच ते गावही त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. तिरडी उचलण्यासही पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः खांदेकऱ्याचे काम केले. उपाशी माणसाकडे जग कसे पाठ फिरवते, हे त्यांनी असे पाहिले होते.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी भटकत १८७८ मध्ये त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. कन्या मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाची व वैद्यकीय सेवेची बाजू मांडली.

एका प्रश्नाचे उत्तर

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. तो पाहून रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रीची सावलीही टाळावी, हेच त्यांनी तोवर ऐकले होते. येथे कुलीन घरातील स्त्रिया त्यांची प्रेमाने शुश्रूषा करीत होत्या. असे करण्यास यांना कोण भाग पाडते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना बायबलमधील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. लोकांनी अव्हेरलेल्या त्या स्त्रीशी येशू विहिरीपाशी बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो आणि जीवनाचे गूढ तिच्यापुढे उलगडतो.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

नवा धर्मही त्यांनी डोळे झाकून स्वीकारला नाही. चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी धर्मतत्त्वांवर वाद घातले आणि शाकाहार सोडला नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना आणखी एक जाणीव झाली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला ओळखले नाही, असे त्यांना वाटले. प्रॉटेस्टंट श्रद्धेनुसार तारण कृपेने मिळते, सत्कृत्ये करून ते विकत घेता येत नाही. मग सत्कृत्ये कशासाठी? जे फुकट मिळाले, त्याची कृतज्ञता म्हणून. झाडाला फळ यावे, तशी सेवा श्रद्धेतून यावी, अशी ही शिकवण आहे. दानाच्या बदल्यात देवाकडून रक्षणाची अपेक्षा करणाऱ्या घरात वाढलेल्या आणि ते घर उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या रमाबाईंना या विचाराने मोकळे केले.

शारदा सदन ते मुक्ती

तत्पूर्वी अमेरिकेत मदत गोळा करून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले होते. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी, सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत आहेत, यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली, न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सेवा हे धर्मांतराचे साधन आहे काय, हा आक्षेप रमाबाईंवर तेव्हापासून घेतला जातो. आपली प्रार्थना उघड्या दाराने चालते, कोणावर सक्ती नाही, ही त्यांची भूमिका होती. टीकाकारांचे समाधान त्याने झाले नाही. धर्मनिरपेक्षतेचे आश्वासन आणि आपली श्रद्धा न लपविण्याचा आग्रह यांतील ताण खरा होता, हे मान्य केलेच पाहिजे.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवांच्या हालांच्या वार्ता आल्या, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या. आपले बालपणच त्यांना समोर दिसले असणार. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडजवळ केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय झाली. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातूनही मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खोदल्या, शेती उभी केली. विणकाम, तेलघाणी, छापखाना चालविण्यास मुली शिकल्या. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्यात आली. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅममध्ये विचारलेला प्रश्न असा केडगावात कृतीत उतरला.

अखेरची वर्षे त्यांनी बायबल मूळ हिब्रू व ग्रीकवरून, अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा मराठीत उतरविण्यात घालविली. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्यांचा संपूर्ण अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. केडगावचे कार्य आजही सुरू आहे.

आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. दरवर्षी ऊसतोडीला कोयता घेऊन जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींची शाळा सुटते, आणि अनेकींचे लग्न वयाआधीच उरकले जाते. रमाबाईंच्या श्रद्धेशी सहमत व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र जिच्याकडून परतफेडीची आशा नाही, जिची घरातही गणती होत नाही, अशा मुलीसाठी झटताना त्यांनी पुण्याचा हिशेब मांडला नाही. आपल्या जिल्ह्यातील मुलींसाठी काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने, तो कोणत्याही धर्माचा असो, हे चरित्र एकदा वाचायला हवे.