पठाणी सामंत : दुर्बिणीविना आकाश मोजणारा ज्योतिर्विद

९ डिसेंबर १८७४ रोजी सकाळी शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना भारतातून दिसला. हे दुर्मीळ अधिक्रमण टिपण्यासाठी युरोपातील खगोलशास्त्रज्ञांच्या तुकड्या दुर्बिणी आणि अचूक घड्याळे घेऊन जगभर पांगल्या होत्या. त्यांतील एक इटालियन तुकडी बंगालमध्येही आली होती. त्याच अधिक्रमणाची नोंद ओडिशातील एका लहानशा संस्थानात राहणाऱ्या संस्कृत पंडितानेही आपल्या ग्रंथात केली. कलियुगाच्या ४९७५ व्या वर्षी, सूर्य वृश्चिक राशीत असताना, शुक्रामुळे सूर्याला ग्रहण लागले आणि शुक्राचे बिंब सूर्यबिंबाच्या बत्तिसाव्या भागाएवढे दिसले, असे त्यांनी लिहून ठेवले. आजच्या गणितानुसार हे प्रमाण सुमारे एकतिसावा भाग एवढे येते. या पंडिताचे नाव सामंत चंद्रशेखर. ओडिशात त्यांना पठाणी सामंत या नावाने ओळखतात.

चंद्रशेखर सिंह सामंत हरिचंदन महापात्र यांचा जन्म १३ डिसेंबर १८३५ रोजी खंडपडा येथे झाला. हे गाव आज नयागड जिल्ह्यात आहे. घराणे राजकुळाशी निगडित होते. आधीची अपत्ये दगावल्याने आईवडिलांनी या मुलाला प्रथेप्रमाणे एका मुस्लीम फकिराच्या ओटीत घालून नाममात्र मोबदल्यात परत घेतले आणि त्याचे टोपणनाव पठाणी ठेवले, असे सांगितले जाते. ते नाव त्यांना जन्मभर चिकटले.

त्यांचे शिक्षण संस्कृतात झाले. व्याकरण, काव्य आणि न्याय यांबरोबर ज्योतिषाचे पाठही घरातच मिळाले. इंग्रजी त्यांना येत नव्हते. त्यामुळे कोपर्निकस, केप्लर आणि न्यूटन यांनी युरोपात घडवलेल्या क्रांतीचे ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत. त्यांच्यापुढे होते ते सूर्यसिद्धांत, भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी आणि डोक्यावरचे आकाश. पंधरा वर्षांच्या वयात त्यांच्या लक्षात आले की, ग्रंथांतील गणिताने येणारे ग्रहांचे स्थान आणि आकाशात दिसणारे स्थान जुळत नाही. अशा वेळी ग्रंथ खरा मानावा की डोळा, हा प्रश्न होता. त्यांनी डोळ्याच्या बाजूने कौल दिला, मात्र ग्रंथ टाकून दिला नाही. पूर्वाचार्यांचे गणित वेधांनी तपासून दुरुस्त करणे हेच त्या परंपरेचे कर्तव्य आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढची सारी हयात त्यांनी त्याच कामात घालवली.

ही तफावत केवळ पंडितांच्या वादाची बाब नव्हती. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील स्नानयात्रा, रथयात्रा आणि नित्य विधी तिथीवर चालतात. चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर तिथीचा शेवट सुमारे एक तासाने पुढेमागे जातो. सूर्योदयाच्या आसपास संपणाऱ्या तिथीबाबत एवढ्या फरकाने सणाचा दिवसच बदलू शकतो. शतकानुशतके साचत गेलेल्या चुकांमुळे पंचांगांत मतभेद होत आणि त्याचा परिणाम थेट लोकजीवनावर होई.

वेध घेण्यासाठी सामंतांना साधने हवी होती. ती त्यांनी लाकूड आणि बांबू यांपासून स्वतः घडवली. गोलयंत्र, चक्रयंत्र, चापयंत्र, शंकू अशी ही जंत्री मोठी आहे. त्यांत त्यांच्या हातचे म्हणून प्रसिद्ध झाले ते मानयंत्र. एक सरळ दांडी आणि तिच्या टोकाला काटकोनात बसवलेली खुणांची आडवी पट्टी, एवढीच त्याची रचना. दांडीचे मोकळे टोक डोळ्याजवळ धरायचे, आडव्या पट्टीवरील खुणांशी तारा किंवा ग्रह जुळवायचा आणि दोन लांबींच्या गुणोत्तरावरून कोन काढायचा. याच साधनाने ते डोंगरांची उंची आणि अंतरेही मोजत. यंत्र साधे असल्याने अचूकतेचा सारा भार पाहणाऱ्याच्या नजरेवर, संयमावर आणि एकच वेध वर्षानुवर्षे पुन्हा घेण्याच्या चिकाटीवर पडत असे.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम चंद्राच्या गतीविषयी आहे. चंद्र पृथ्वीभोवती एकसारख्या वेगाने फिरत नाही. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने होणारा मुख्य फरक जुन्या सिद्धांतग्रंथांत हिशेबात घेतलेला होता. परंतु सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्राच्या गतीत आणखी काही बारीक फरक पडतात. सामंतांनी अशा तीन फरकांचे मोजमाप करून त्यांना तुंगांतर, पाक्षिक आणि दिगंश अशी नावे दिली. त्यांतील पाक्षिक संस्कार विशेष लक्षणीय आहे. हा फरक अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्ही अष्टमींच्या सुमारास शून्य होतो व त्यांच्या मधल्या दिवसांत सर्वाधिक असतो. पंचांगकर्ते आपले गणित पारखण्यासाठी प्रामुख्याने ग्रहणांचा आधार घेत. ग्रहणे अमावास्येला किंवा पौर्णिमेलाच होतात. त्यामुळे केवळ ग्रहणे पाहणाऱ्याला हा फरक कधीच सापडला नसता. तो सापडण्यासाठी महिन्यातील एरवीच्या रात्रीही चंद्राकडे पाहत बसावे लागते. सामंत तसे बसले होते. चंद्राच्या कक्षेचा क्रांतिवृत्ताशी असलेला कल जुन्या ग्रंथांत साडेचार अंश मानला जाई; तो त्यांनी ५ अंश ९ कला असा सुधारला. आधुनिक सरासरी मूल्याशी तो जवळजवळ तंतोतंत जुळतो.

या साऱ्या निरीक्षणांचे फलित म्हणजे सिद्धांतदर्पण हा ग्रंथ. ताडपत्रांवर ओडिया लिपीत लिहिलेल्या या संस्कृत ग्रंथाचे चोवीस प्रकाश, म्हणजे अध्याय असून त्यात सुमारे अडीच हजार श्लोक आहेत. ग्रहगणित छंदोबद्ध करण्याची जुनी रीत त्यांनी जपली आणि त्या छंदांत स्वतःचे नवे अंक बसवले.

त्यांच्या विश्वरचनेत बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी सूर्याभोवती फिरतात आणि हा सारा परिवार बरोबर घेऊन सूर्य स्थिर पृथ्वीभोवती फिरतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कच्या टायको ब्राहे यांनी नेमकी अशीच रचना मांडली होती. दोघांनीही दुर्बिणीविना वेध घेतले, दोघांनीही चंद्राच्या गतीतील बारकावे शोधले. म्हणूनच सामंतांची तुलना वारंवार टायकोंशी केली जाते. परंतु एक फरक विसरता येत नाही. टायकोंच्या नोंदी केप्लर यांच्या हाती पडल्या आणि त्यांतून ग्रहगतीचे नियम जन्माला आले. सामंतांचे वेध मात्र जगापुढे आले तेव्हा युरोपात तारायंत्रे आणि महाकाय दुर्बिणी रूढ झाल्या होत्या व पृथ्वीचे भ्रमण निर्विवाद ठरले होते. त्याच शतकात महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे मराठीत ग्रहसाधनाची कोष्टके तयार करून पंचांगशुद्धीची वाट धरली. सामंतांपुढे ती वाट नव्हती. ज्यांची उत्तरे अन्यत्र छापून तयार होती, असे अनेक प्रश्न त्यांनी एकट्याने, पहिल्यापासून सोडवले. त्यांच्या जीवनातील थोरवी आणि खंत या दोन्ही गोष्टी येथेच एकत्र येतात.

त्यांना बाहेरच्या जगाशी जोडण्याचे श्रेय कटकच्या रेव्हनशॉ महाविद्यालयातील प्राध्यापक जोगेशचंद्र राय यांना जाते. आधुनिक विज्ञान शिकलेल्या राय यांनी या ग्रंथाचे मोल ओळखले, त्याचे संपादन केले आणि त्याला विस्तृत इंग्रजी प्रस्तावना जोडली. अठमल्लिक आणि मयूरभंज या संस्थानांच्या राजांच्या आर्थिक साहाय्याने १८९९ मध्ये सिद्धांतदर्पण कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. लंडनच्या नेचर नियतकालिकाने त्याच वर्षी त्याची दखल घेतली. त्याआधी १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने सामंतांना महामहोपाध्याय ही पदवी दिली होती. राजघराण्यातील जन्म असूनही त्यांचे दिवस ओढाताणीत गेले आणि दीर्घ आजारपणाने त्यांना पोखरले. ११ जून १९०४ रोजी पुरी येथे त्यांचे निधन झाले.

पुरीतील एका महाविद्यालयाला आणि भुवनेश्वरच्या तारांगणाला आज त्यांचे नाव आहे. भारतीय टपाल विभागाने २००१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांची सर्वांत जिवंत आठवण मात्र पंचांगाच्या पानांत आहे. सिद्धांतदर्पणावर आधारित गणिताला ओडिशात मान्यता मिळाली आणि जगन्नाथाच्या सेवेचे वेळापत्रक त्या गणिताने चालू लागले. रथयात्रेसाठी पुरीत लोटणाऱ्या लाखो भाविकांपैकी अनेकांना हे नाव ठाऊकही नसेल. पण त्या दिवसाची तिथी ठरवणाऱ्या गणितात खंडपड्याच्या अंगणात लाकडी दांडीने मोजलेला चंद्र आहे.