अमीर खुसरो आणि अनमेल प्रश्नांची गाणी

अमीर खुसरो यांचा जन्म १२५३ साली गंगेच्या खोऱ्यातील पटियाली येथे झाला. वडील सैफुद्दीन महमूद हे तुर्क सरदार. आई दिल्लीचे अमीर इमादुल्मुल्क यांची कन्या. पितृछत्र बालपणीच हरपल्याने ते आजोळी वाढले आणि फारसीबरोबर हिंदवीही त्यांच्या अंगवळणी पडली. १२८५ साली मंगोलांशी झालेल्या लढाईत त्यांचा आश्रयदाता, बल्बनचा पुत्र मुहंमद, मारला गेला. खुसरो कैद झाले व निसटले. पुढे कैकुबादापासून गियासुद्दीन तुघलकापर्यंत सुलतान बदलत गेले, कवी तोच राहिला.

त्यांच्या नावावर लोकमुखी असलेली गाणी मात्र दरबारी नव्हेत. पहेली म्हणजे आपल्याकडील कोडे, कोकणातील हुमाण. मुकरीत एक सखी प्रियकराचे भासावे असे वर्णन करते आणि दुसरीने ते ओळखताच साफ नाकारून भलत्याच वस्तूचे नाव घेते. संस्कृत अलंकारशास्त्रातील छेकापह्नुतीच ही. दोसुखन्यात एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन प्रश्नांना श्लेषामुळे एकच उत्तर लागू पडते. ढकोसल्यात तर अर्थाला मुळी थाराच नसतो. विहिरीवरील चार स्त्रियांनी खीर, चरखा, कुत्रा व ढोल असे चार विषय दिले आणि तहानलेल्या खुसरोंनी ते एकाच असंबद्ध रचनेत कोंबले, ही आख्यायिका मुहंमद हुसेन आझाद यांच्या ‘आब-ए-हयात’मध्ये (१८८०) आली आहे.

ही गाणी खरोखर त्यांचीच काय? हुक्क्यावरील पहेलीही त्यांच्या नावे सांगितली जाते आणि तंबाखू तर भारतात आली त्यांच्यानंतर सुमारे पावणेतीन शतकांनी! बर्लिन येथील स्प्रेंगर-संग्रहाच्या हस्तलिखितातील दीडशे पहेल्या गोपीचंद नारंग यांनी १९८७ साली प्रसिद्ध केल्या, तरी कर्तृत्वाचा वाद मिटला नाही. तथापि सरसकट नकारही टिकत नाही. आपण हिंदवी रचना करून मित्रांत वाटल्याचे ‘गुर्रतुल्-कमाल’च्या प्रस्तावनेत खुद्द खुसरोंनीच नमूद केले आहे, ‘एजाज-ए-खुसरवी’ हा फारसी गद्यग्रंथ तर शब्दचमत्कृतींनी खच्चून भरलेला आहे. तेव्हा यांतील बरीच गाणी लोकांनी रचली असली, तरी त्यांना जनक शोधताना लोकांनी आंधळेपणा केला नाही, असेच म्हणावे लागते.

१३२५ साली गुरू निजामुद्दीन औलिया निवर्तले, तेव्हा खुसरो दिल्लीत नव्हते. परतल्यावर काही महिन्यांतच, त्याच वर्षी, त्यांचाही अंत झाला. दिल्लीत गुरूच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे.