हान्स अँडरसन : लहानांचा व थोरांचा कथाकार

मुलास अक्षरओळख झाली, बाराखडी संपली, जोडाक्षरे लागू लागली, की आईबापांपुढे व गावच्या शिक्षकापुढे एक प्रश्न उभा राहतो. आता ह्याच्या हाती कोणते पुस्तक द्यावे? पुष्कळ ठिकाणी ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या आकारावरून दिले जाते. पातळ पुस्तक लहानास, जाड पुस्तक मोठ्यास. आत काय आहे हे कोणी उघडून पाहत नाही. आणखी कित्येकांस असे वाटते की, पऱ्या, बोलणारी पाखरे, चालणारी खेळणी हे सर्व खोटे आहे, आणि अशा गोष्टी वाचून मूल निकामी होते. ज्या मनुष्याने अशाच गोष्टी लिहून साऱ्या जगात नाव मिळवले, त्याचे चरित्र ह्या दोन्ही बाबतींत बोधप्रद आहे. म्हणून ते येथे थोडक्यात देतो.

हान्स क्रिस्तियान अँडरसन ह्याचा जन्म डेन्मार्क देशातील ओडेन्स शहरी ता. २ एप्रिल १८०५ रोजी झाला. बाप जोडे शिवून पोट भरी. आई लोकांचे कपडे धुण्यास नदीवर जाई. बिऱ्हाड म्हणजे एक लहानशी खोली. तीतच बापाची हत्यारे व तीतच सर्वांची अंथरुणे. परंतु ह्या गरीब मनुष्यास वाचनाची विलक्षण गोडी होती. काम आटोपले म्हणजे तो मुलास जवळ घेऊन मोठ्याने वाचून दाखवी. आपल्याकडे ज्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी म्हणून प्रसिद्ध आहेत त्या, ला फाँतेन ह्या फ्रेंच कवीच्या पशुपक्ष्यांच्या कथा, आणि होल्बेर्ग नामक नाटककाराची विनोदी नाटके त्या खोलीत वाचली जात. बापाने मुलासाठी एक छोटी रंगभूमीही करून दिली होती. आईस वाचणे जेमतेमच येत असे. आजी शहरातील एका रुग्णालयाच्या बागेची देखरेख करी. तिच्याबरोबर तेथे गेला म्हणजे सूत कातीत बसलेल्या म्हाताऱ्या हान्सला जुन्या लोककथा सांगत.

ह्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हान्सचे शिक्षण पुस्तकापासून सुरू झाले नाही, कानापासून सुरू झाले. जे पुस्तक त्यास स्वतः वाचता आले नसते, ते त्यास ऐकून समजत होते. मुलाच्या वाचनाची मर्यादा एक असते व ऐकण्याची दुसरी असते. आणि ऐकण्याची नेहमीच पुढे असते.

१८१२ साली बाप पैशासाठी दुसऱ्याच्या ऐवजी शिपाई म्हणून सैन्यात गेला. दोन वर्षांनी परतला तो प्रकृती खालावलेला. आणि १८१६ साली वारला. हान्स तेव्हा ११ वर्षांचा होता. शाळा कधी होती, कधी नव्हती. आईची इच्छा त्याने शिंपी व्हावे अशी होती. मुलाचे मन मात्र बाहुल्यांचे कपडे शिवून त्यांची नाटके करण्यात गुंतलेले असे. अखेर सप्टेंबर १८१९ मध्ये, १४ वर्षांच्या वयात, थोडेसे पैसे व कपड्यांचे गाठोडे घेऊन तो राजधानी कोपनहेगन येथे गेला. तेथे गाणे, नाचणे, नट होणे असे तीन वर्षे नाना प्रयत्न त्याने केले. आवाज फुटल्यामुळे गाणे गेले. अंगकाठी किडकिडीत असल्यामुळे नाच साधला नाही. त्याने लिहिलेली नाटके राजेशाही नाट्यगृहाने परत केली, कारण त्यांत शिक्षणाचा अभाव ओळीओळीस दिसत होता. तथापि त्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांपैकी योनास कोलिन ह्या सज्जनाने मुलाच्या अंगचे गुण ओळखले, आणि राजाच्या निधीतून त्याच्या शाळेचा खर्च मिळवून दिला.

१८२२ साली हान्स स्लागेल्से गावच्या शाळेत दाखल झाला. वय १७, उंची पुऱ्या पुरुषाची, आणि बसावयास जागा मिळाली ती अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या वर्गात. त्यास शुद्ध लिहिता येत नव्हते, व्याकरण ठाऊक नव्हते, भूगोल ठाऊक नव्हता. तेव्हा वर्ग चुकीचा होता असे म्हणता येत नाही. परंतु ह्याच मुलाने शेक्सपियर व वॉल्टर स्कॉट हे ग्रंथकार भाषांतरातून वाचले होते, आणि त्यांच्या नावांवरून स्वतःस टोपणनाव घेऊन एक पुस्तकही छापविले होते. त्याचा हात खालच्या वर्गात होता व मन वरच्या वर्गात होते. मुख्याध्यापक मेस्लिंग ह्यांनी हे ओळखले नाही. ते त्यास वर्गासमोर मूर्ख ठरवीत, आणि कविता लिहिण्यास त्यांनी त्यास मनाई केली. पुढे त्यांची बदली हेल्सिंगोर येथे झाली, तेव्हा हान्सही त्यांच्याबरोबर गेला; तेथे तर तो त्यांच्याच घरी राहत असल्याने हा जाच दिवसरात्रीचा झाला. शेवटी दुसऱ्या एका शिक्षकाने कोलिन ह्यांस खरी स्थिती कळविली, व १८२७ साली त्याची सुटका झाली. पुढील वर्षी खाजगी शिकवणीने तो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उतरला. पुढे राजेरजवाडे त्यास पंगतीस बसवू लागले, तरीही त्या शाळेची स्वप्ने पडून तो झोपेत दचकत असे.

शिक्षकबंधूंनो, असे विद्यार्थी आपल्याही गावी आढळतात. बारा वर्षांचा गुराखी मुलगा उशिरा शाळेत येतो. त्यास सहा वर्षांच्या मुलाइतकेच वाचता येते. म्हणून त्यास सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट दिली, तर तो लाजतो व पुस्तक मिटतो. त्यास शब्द सोपे हवेत, परंतु गोष्ट त्याच्या वयाची हवी. ही निवड करणे हेच शिक्षकाचे कौशल्य होय.

१८३५ साली अँडरसनची एक कादंबरी प्रसिद्ध झाली व तिचा बोलबाला झाला. त्यानंतर लवकरच, ता. ८ मे रोजी, ६१ पानांची एक लहानशी पुस्तिका निघाली. तीत चार अद्भुतकथा होत्या, व त्या मुलांस सांगितलेल्या आहेत असे नावातच म्हटले होते. त्यांपैकी तीन लहानपणी ऐकलेल्या कथांवरून रचलेल्या होत्या. चौथी, फुलांच्या नाचाची, त्याने एका परिचिताच्या इडा नावाच्या मुलीस सांगितलेली होती. ओळखीच्या घरी मुलांमध्ये बसून गोष्टी सांगण्याचा त्यास नाद होता. सांगताना तो आवाज बदली, हातवारे करी, आणि बोलता बोलता कात्रीने कागद कापून त्यातून राजवाडे, हंस व नर्तकी काढून दाखवी. हीच बोलण्याची रीत त्याने जशीच्या तशी कागदावर उतरविली.

विद्वान टीकाकारांस हे रुचले नाही. ही भाषा ग्रंथाची नव्हे, चुलीपुढच्या बोलण्याची आहे. ह्या गोष्टींत मुलांस उपदेश नाही. कादंबरीकाराने असल्या खेळात वेळ दवडू नये, असे त्यांचे मत पडले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची हलते हा शोध १८२० साली लावणारे शास्त्रज्ञ ओर्स्टेड हे मात्र अँडरसनचे स्नेही असून त्यांचा अभिप्राय उलट होता. कादंबरीने कीर्ती मिळेल, पण ह्या गोष्टी अमर करतील, असे त्यांनी सांगितले. कोण बरोबर होते हे काळाने ठरविले आहे. ती कादंबरी आज फार थोडे लोक वाचतात. आणि त्याच्या सुमारे दीडशे कथांची भाषांतरे मराठी धरून जगातील असंख्य भाषांत झाली आहेत.

१८४३ सालच्या अखेरीस नव्या कथांचा संग्रह निघाला, तेव्हा अँडरसनने त्याच्या नावातून मुलांचा उल्लेख काढून टाकला. ह्याचा अर्थ मुलांशी त्याने नाते तोडले असा नव्हे. मूल गोष्ट ऐकते तेव्हा आईबापही जवळ बसलेले असतात, आणि त्यांसही काही मिळाले पाहिजे, असा त्याचा विचार होता. परिणाम असा की, त्याच्या कथा सर्व एका वयाच्या नाहीत. अँडरसनच्या परीकथा असे नाव पाहून सबंध पुस्तक लहान मुलाच्या स्वाधीन करणे योग्य नव्हे. त्यांतून निवड करावी लागते.

चार-पाच वर्षांच्या मुलास ऐकविण्यास राजकन्या आणि वाटाणा ही कथा उत्तम. ती पान-दीड पानाची आहे; वीस गाद्या व वीस पिसांच्या रजया ह्यांखाली ठेवलेला एक वाटाणा राजकन्येस टोचतो, हे ऐकून मूल पोट धरून हसते. अंगठ्याएवढ्या मुलीची कथा लांब आहे, पण तिचे तुकडे पडतात. एके रात्री बेडकी, दुसऱ्या रात्री भुंगा, तिसऱ्या रात्री उंदरीण, व शेवटी पाठीवर बसवून नेणारी पाकोळी, अशी ती सांगता येते.

सहा ते आठ वर्षांच्या, स्वतः वाचू लागलेल्या मुलास राजाच्या नव्या पोशाखाची कथा द्यावी. तीत एकच प्रसंग पुनःपुन्हा येतो. प्रधान पाहतो, अधिकारी पाहतो, राजा पाहतो, व कोणासही मागावर वस्त्र दिसत नाही. तेच शब्द परत आल्याने कच्च्या वाचकास धीर येतो. त्याच सुमारास कुरूप पिल्लाचीही कथा द्यावी. बदकांत वाढलेले, सर्वांनी टोचलेले ते पिल्लू अखेरीस राजहंस ठरते. स्लागेल्से येथील वर्गात बसलेला उंच मुलगा ज्यास ठाऊक आहे, त्यास ती कोणाची कथा हे सांगावयास नको. ज्या मुलास शाळेत सर्व हसतात, त्यास ती अवश्य द्यावी.

नऊ-दहा वर्षांच्या मुलास चीनच्या बादशहाचा बुलबुल व हिमराणी ह्या कथा पेलतात. हिमराणी सात भागांची आहे. गेर्डा नावाची मुलगी हरवलेल्या सवंगड्यास शोधीत एकटी उत्तरेस जाते. ही वाचण्यापूर्वी शिक्षकाने बर्फ कसा पडतो, नद्या कशा गोठतात, हे समजावून द्यावे. नाही तर आपल्याकडील मुलास कथेतील संकट कळणार नाही.

आगकाड्या विकणाऱ्या मुलीची कथा अगदी आखूड व सोपी आहे. पण वर्षाच्या शेवटच्या रात्री ती मुलगी थंडीने रस्त्यावर मरते. शब्द लहानांचे, दुःख मोठ्यांचे. ती लहान मुलाने एकट्याने वाचू नये; दहा-अकरा वर्षांच्या पुढे, आईजवळ बसून वाचावी. लाल जोड्यांच्या कथेत मुलीचे पाय तोडले जातात. ती कोवळ्या मुलास घाबरविते. सावली ही कथा तर केवळ प्रौढांची आहे.

आता खोटेपणाच्या आक्षेपाविषयी. बदक बोलत नाही हे मुलास ठाऊक असते. ते फसत नाही. जो बोलणाऱ्या बदकाची गोष्ट सांगतो तो कोणास ठकवीत नाही. राजास ठकविले ते न दिसणारे वस्त्र विणणाऱ्यांनी. आणि त्या कथेत, सर्व शहाणे भीतीने गप्प असता, राजाच्या अंगावर वस्त्र नाही हे सत्य उच्चारणारे एक लहान मूल आहे. खरे बोलण्याचा धडा ह्याहून स्पष्ट कोणत्या उपदेशात सापडेल?

अँडरसनने लग्न केले नाही. आयुष्याचा बराच भाग प्रवासात घालविला. ता. ६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्स शहराने त्यास सन्माननीय नागरिक केले, आणि ज्या गावी त्याची आई नदीवर कपडे धूत असे, त्या गावाने त्याच्यासाठी दिव्यांची आरास केली. १८७५ साली त्याचा पुतळा उभारण्याचे ठरले. शिल्पकार साबी ह्याने मुले त्याच्या अंगाशी बिलगली आहेत असा नमुना केला. म्हातारा अँडरसन संतापला. मुले अंगावर रेलली असता आपण कधी वाचीत नव्हतो, आणि आपल्या कथा केवळ मुलांच्या नाहीत, असे त्याने ठणकावून सांगितले. त्याच वर्षी ता. ४ ऑगस्ट रोजी तो वारला. १८८० साली कोपनहेगनच्या राजोद्यानात पुतळा उभा राहिला, तो हातात पुस्तक घेऊन एकटाच बसलेला आहे. बाजूची जागा मोकळी आहे. तेथे लहानाने बसावे, मोठ्यानेही बसावे.

त्याचा जन्मदिवस, २ एप्रिल, हा १९६७ सालापासून मुलांच्या पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळण्यात येतो. त्या दिवसाची वाट न पाहता आपण एवढे करू शकतो. पुस्तक देण्यापूर्वी ते स्वतः वाचावे. मुलाकडून एक पान वाचवून घ्यावे. ओळीओळीस अडखळत असेल, तर ते पुस्तक त्याच्या हातून काढून न घेता आपण वाचून दाखवावे. ज्यास अक्षर येत नाही अशा आईने तोंडी गोष्ट सांगावी. ओडेन्सच्या त्या खोलीत एक जोडे शिवणारा बाप दिवसभर कष्ट करून संध्याकाळी मुलास वाचून दाखवीत होता. त्याजवळ द्यावयास दुसरे काही नव्हते. आणि तेवढे पुरे झाले.