वांकेलचे इंजिन आणि हिरोशिमाची साधी मोटार

टोयोटा कोरोलासारखी एखादी जुनी, चारचौघांत उठून न दिसणारी जपानी सेडान मिळवायची, तिचे मूळ इंजिन उतरवायचे आणि त्या जागी माझदाच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारचे रोटरी इंजिन चढवायचे, हा उद्योग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि प्वेर्टो रिको येथील हौशी मंडळींनी अनेक दशके चालविला आहे. रस्त्यावर भाजी आणायला निघालेली वाटावी अशी ही गाडी शर्यतीत भल्याभल्यांना मागे टाकते. ज्याच्या नावाने हे इंजिन जगभर ओळखले जाते तो जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल मात्र स्वतः मोटार चालवीत नसे. दृष्टी फार अधू असल्याने त्याने चालक परवाना कधी काढलाच नाही. अभियांत्रिकीची पदवीही त्याच्यापाशी नव्हती.

वांकेलचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ रोजी ब्लॅक फॉरेस्टच्या कुशीतील लार या गावी झाला. वडील वनखात्यात अधिकारी होते. पहिले महायुद्ध सुरू होताच १९१४ मध्ये ते रणांगणावर कामी आले. आई मुलाला घेऊन पुढे हायडेलबर्गला आली. युद्धानंतरच्या भयंकर चलनवाढीत घरची पुंजी विरघळली आणि विद्यापीठाची वाट बंद झाली. वांकेल एका ग्रंथप्रकाशकाकडे विक्री विभागात उमेदवारी करू लागला. मात्र डोक्यात यंत्रे फिरत होती. १९२४ मध्ये त्याने हायडेलबर्गमध्ये मित्रांच्या साथीने छोटेसे वर्कशॉप थाटले आणि फिरत्या इंजिनाविषयीचे पहिले पेटंट १९२९ मध्ये मिळवले.

त्याच्या चरित्रातील दुसरा धागाही याच वर्षांत विणला जात होता आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. १९२२ मध्ये, म्हणजे हिटलरचे नाव म्युनिकबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसताना, वांकेल नाझी पक्षात सामील झाला होता. पुढे बाडेन प्रांताचा पक्षप्रमुख रोबेर्ट वाग्नर याच्यावर त्याने भ्रष्टाचाराचे आरोप केले. परिणामी १९३२ मध्ये पक्षातून त्याची हकालपट्टी झाली आणि १९३३ मध्ये सत्ता हाती येताच वाग्नरने त्याला लारच्या तुरुंगात टाकले. हिटलरचा आर्थिक सल्लागार विल्हेल्म केप्लर याच्या मध्यस्थीने काही महिन्यांनी त्याची सुटका झाली. या तुरुंगवासाचा आधार घेऊन वांकेलला नाझीविरोधक ठरविण्याचा मोह होऊ शकतो. पण ते भांडण विचारांचे नव्हते, पक्षातील माणसांचे होते. पुढे त्याने पक्षात परतण्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला, तरी १९४० मध्ये एसएस या संघटनेने त्याला वरिष्ठ अधिकारपद दिले. याच १९४० मध्ये वाग्नरने बाडेनमधील हजारो ज्यूंना हद्दपार केले होते. १९४२ मध्ये वांकेलला एसएसमधूनही वगळण्यात आले.

सुटकेनंतर वांकेलने काही काळ बीएमडब्ल्यूसाठी काम केले. मग हवाई मंत्रालयाने कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या लिंडाऊ येथे त्याला स्वतंत्र वर्कशॉप उभारून दिले. युद्धविमानांच्या इंजिनांतील फिरत्या झडपांवर तो तेथे संशोधन करीत होता. फिरणारा भाग आणि स्थिर भिंत यांच्यामधून वायू निसटू कसा द्यायचा नाही, हा सगळा प्रश्न होता. पातळ पट्टी कप्प्यातील वायूच्याच दाबाने भिंतीवर दाबली जावी, अशी रचना त्याने चिकाटीने विकसित केली. पट्टीच्या या विद्येत त्याचा हात धरणारा त्या काळी क्वचितच कोणी असेल. त्याच्या पुढच्या इंजिनाचे यश आणि अपयश, दोन्ही या पट्टीवरच तोलले गेले.

१९४५ मध्ये फ्रेंच सैन्याने लिंडाऊचे वर्कशॉप मोडून नेले आणि वांकेलला कैद केले. सुटल्यावर त्याने घरातच काम सुरू केले. १९५१ च्या अखेरीस मोटारसायकली बनविणाऱ्या एनएसयू या कंपनीशी त्याचा करार झाला आणि १९५४ मध्ये इंजिनाची भूमिती त्याला सापडली. नेहमीच्या इंजिनात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वरखाली हेलपाटे घालतो आणि त्या हेलपाट्यांचे फिरण्यात रूपांतर करावे लागते. वांकेलच्या इंजिनात दट्ट्याच नाही. कमरेशी किंचित चिमटलेल्या लंबगोल पोकळीत, फुगीर बाजूंच्या समोशासारखा एक त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामधील जागा आलटून पालटून वाढते, आक्रसते आणि त्यातच इंधनवायू आत घेणे, दाबणे, पेटविणे आणि बाहेर टाकणे या चारही क्रिया उरकतात. झडपा नाहीत, हादरे जवळजवळ नाहीत.

वांकेलच्या मूळ कल्पनेत आतला रोटर आणि बाहेरचे कवच दोन्ही फिरत. असे पहिले इंजिन १९५७ च्या फेब्रुवारीत चालले. ते विलक्षण वेगाने फिरे, पण ठिणगीचा प्लग बदलायचा तर इंजिन खोलावे लागे. एनएसयूचा अभियंता हान्स डीटर पाश्के याने कवच स्थिर ठेवून फक्त रोटर फिरता ठेवला आणि १९५८ मध्ये हे सुटसुटीत रूप चालवून दाखविले. आज ज्याला सारे वांकेल इंजिन म्हणतात ते वस्तुतः हे पाश्केचे रूप आहे. वांकेलला ते मुळीच रुचले नाही. शर्यतीचा घोडा नांगराला जुंपल्याची त्याची भावना होती. पण त्याचा घोडा तबेल्याबाहेर पडला असता की नाही, याची शंकाच आहे.

एनएसयूने १९६७ मध्ये आरओ ८० ही देखणी सेडान बाजारात आणली आणि १९६८ चा युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा किताब तिने पटकावला. मात्र रोटरच्या टोकांवरील पट्ट्या झिजू लागल्या. इंजिनामागून इंजिन हमीखाली बदलून देता देता कंपनी जेरीस आली. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की आतापर्यंत किती इंजिने बदलली, ते चालक बोटांनी एकमेकांना दाखवीत, असा किस्सा जर्मनीत सांगितला जाई. अनेक मालकांनी वैतागून वांकेलचे इंजिन काढले आणि तेथे फोर्डचे साधे पिस्टन इंजिन बसविले. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या ताब्यात गेली.

ही बाजी जपानने सावरली. हिरोशिमाच्या तोयो कोग्यो, म्हणजे पुढच्या माझदा कंपनीचा अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा याच्यापुढे वेगळेच संकट होते. लहान मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन कराव्यात, असा जपान सरकारचा विचार चालला होता. आपल्यापाशी इतरांकडे नसलेले काही हवे, या हेतूने मात्सुदा १९६० मध्ये जर्मनीला गेला आणि त्याने एनएसयूशी करार केला. हाती आलेल्या इंजिनाच्या आतील भिंतीवर पट्ट्यांच्या थरथरीने ओरखडे उठत. हिरोशिमाच्या अभियंत्यांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले होते. १९६३ मध्ये केनिची यामामोतोच्या नेतृत्वाखाली ४७ जणांचे पथक नेमले गेले. जपानी आख्यायिकेतील ४७ सामुराईंशी त्यांची तुलना झाली, ती उगीच नव्हे. पट्टीचा आकार आणि धातू बदलून पाहत ते अखेर ॲल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनच्या पट्टीपर्यंत पोहोचले. मे १९६७ मध्ये दोन रोटरची कॉस्मो स्पोर्ट विक्रीस आली.

कॉस्मो ही मूठभरांची गाडी होती. मात्सुदाला रोटरी घरोघरी न्यायची होती. १९६८ मध्ये फॅमिलिया या नावाप्रमाणेच कौटुंबिक असलेल्या छोट्या मोटारीच्या कूपे रूपात ९८२ घनसेंटिमीटरचे रोटरी इंजिन बसविण्यात आले आणि पुढच्या वर्षी चार दारांच्या सेडानमध्येही ते आले. शक्ती १०० अश्वशक्ती, अंग मात्र घरगुती गाडीचे. हौशी मंडळी आज गॅरेजात जे करतात ते कारखान्याने आधीच करून दाखविले होते. मागोमाग कपेला आणि सवाना आल्या. मात्सुदा नोव्हेंबर १९७० मध्ये वारला. १९७३ च्या तेलटंचाईत रोटरीची इंधनाची भूक कंपनीच्या मुळावर आली आणि बँकेला धावून यावे लागले.

पेट्रोलची ही चंगळ आजच्या हौशींनाही चुकत नाही. इंजिन आटोपशीर असल्याने सेडानच्या बॉनेटखाली ते बरेच मागे सरकवून बसविता येते आणि गाडीचा तोल सुधारतो. मात्र रोटर आतून तेलानेच थंड होत असल्याने ऑइल कूलर लागतो, धुरांड्यातील वायू प्रचंड तापतात आणि टोकांच्या पट्ट्यांना वंगण म्हणून थोडे तेल सतत जाळावे लागते. तेलाचा हिशेब चुकला की वांकेलला आयुष्यभर छळणारी तीच पट्टी इंजिन घेऊन जाते.

वांकेलला या इंजिनाने श्रीमंत केले. १९६९ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने पदवी नसलेल्या या माणसाला सन्मान्य डॉक्टरेट दिली, १९७० मध्ये पश्चिम जर्मनीने मानचिन्ह दिले आणि १९७१ मध्ये परवान्यांचे हक्क लोनऱ्हो या ब्रिटिश कंपनीला विकून त्याने कोट्यवधी मार्क मिळवले. गौरवाच्या या वर्षांत त्याच्या एसएसमधील पदाचा उच्चार फारसा कोणी केला नाही. प्राण्यांवरील प्रयोगांना त्याचा कडवा विरोध होता आणि त्यांना पर्याय शोधणाऱ्या संशोधनासाठी त्याने १९७२ मध्ये पुरस्कार ठेवला. प्राण्यांविषयी इतका हळवा असलेला माणूस एसएसच्या गणवेशात कसा वावरला असेल, हा प्रश्न त्याचे चरित्र वाचणाऱ्याला सोडत नाही. लिंडाऊमध्ये चालकाने हाकलेल्या आरओ ८० मध्ये बसून तो हिंडे आणि सरोवरावर धावणाऱ्या वेगवान बोटींचे आराखडे आखी. १९८६ मध्ये त्याची संशोधनसंस्था डाइमलर-बेंझने विकत घेतली.

९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्ग येथे वांकेलचे निधन झाले. जून १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी या मोटारीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. शर्यतीनंतर ते इंजिन खोलण्यात आले, तेव्हा टोकांच्या पट्ट्या उत्तम स्थितीत होत्या.