समेआधीच मान का डोलते? थिरकवा खाँसाहेबांच्या तबल्याची गोष्ट

एकसारखे ठोके सलग ऐकवले तरी आपला कान त्यांच्या परस्पर जोड्या लावून टाकतो. पुढचा ठोका कधी पडणार, याचा अंदाजही आधीच बांधून ठेवतो. या अंदाजाशी आयुष्यभर खेळलेला माणूस म्हणजे उस्ताद अहमदजान थिरकवा.

जन्म मुरादाबादचा, घराणं संगीतकारांचं. ‘थिरकवा’ हे आडनाव नाही. तबल्यावर थिरकणाऱ्या बोटांमुळे चिकटलेलं ते टोपणनाव. कोवळ्या वयात ते मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांच्याकडे शिकायला आले आणि वर्षानुवर्षं रियाज करत राहिले.

महाराष्ट्राने त्यांना खरं ओळखलं ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत. तिथे काम वरकरणी साधं होतं. पद सुरू झालं की ठेका धरायचा. पण त्या ठेक्यातच सगळी गंमत आहे.

तीनताल घ्या. 16 मात्रा, नवव्या मात्रेला खाली. खालीनंतर डग्ग्याचा घुमारा काही मात्रा गायब होतो. चौदाव्या मात्रेला तो परत येतो, की कानाला कळतं, सम जवळ आली! ताल न शिकलेला प्रेक्षकही मग समेवर नेमकी मान हलवतो. मोजून नाही, वाट बघून. तिहाईत हीच ओढ ताणली जाते: एकच बोल तीनदा, आणि शेवटचा घाव बरोबर समेवर. बालगंधर्व लयीला पक्के. त्यामुळे गायक शब्द रेंगाळवतोय आणि तबला त्याची समेवर वाट बघतोय, असा खेळ रंगमंचावर रंगायचा.

अर्थात, एवढ्या तयारीच्या वादकाने पदामागे हात आवरून वाजवायचं, हे सोपं नव्हतं. एकट्याने तास गाजवू शकणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या गाण्याला जागा करून द्यायची होती. तीही खाँसाहेबांची विद्याच म्हणायची.

पुढे बोलपट आले आणि नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. खाँसाहेब रामपूर दरबारी गेले. स्वातंत्र्यानंतर संस्थानंही संपली. मग लखनऊच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकवलं. आश्रयदाते बदलत गेले, स्वतंत्र तबलावादनाची मैफल मात्र त्यांनी सोडली नाही. 1970 मध्ये पद्मभूषण मिळालं. निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे ही त्यांच्या शिष्यांपैकी काही मोठी नावं. 13 जानेवारी 1976 रोजी लखनऊत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रणं आज इंटरनेटवर सहज सापडतात. एखादा पेशकार लावा. मागे लहरा फिरत असतो, तो धरून बोटांवर 16 मात्रा मोजत राहा. मधेच मोजणी सुटेल. सम आली की मान तरीही हलेल.