मातांचे शल्यविशारद : डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत ज्या मोजक्या मराठी आडनावांना कायमचे स्थान लाभले, त्यांत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागेल. कर्नाटकात स्थिरावलेल्या आपणां मराठी कुटुंबांना तर त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा. २७ एप्रिल १८९९ रोजी गोमंतकातील शिरोडा या गावी जन्मलेल्या विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण हुबळीस झाले होते.

हुबळीहून ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२३ साली पदवी व १९२७ साली प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयांत एम.डी. संपादन करून ते विलायतेस गेले आणि १९३१ साली एफ.आर.सी.एस. होऊन परतले. पुढे जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

चौथ्या-पाचव्या महिन्यात पुनःपुन्हा गर्भपात होणाऱ्या स्त्रीची आपल्या समाजात काय अवस्था होत असे, हे वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. नवससायास, अंगारे-धुपारे होत. आणि अखेर दोष यावयाचा तो तिच्याच नशिबावर अथवा पायगुणावर. डॉ. शिरोडकरांनी याकडे शल्यविशारदाच्या दृष्टीने पाहिले. यांपैकी काही स्त्रियांत गर्भ निकोप असतो. परंतु गर्भाशयाचे मुख दुर्बळ असल्यामुळे वाढता भार त्यास पेलत नाही आणि ते कळा न येताच अकाली उघडते, हे त्यांनी ओळखले. दोष शरीराच्या एका भागाच्या रचनेत होता. नशिबाचा तेथे संबंध नव्हता.

उपायही त्यांनी तितकाच सरळ योजिला. मूत्राशय हलकेच वर सारून, त्या स्त्रीच्याच मांडीतील स्नायूंवरच्या चिवट आवरणाची अरुंद पट्टी गर्भाशयमुखाभोवती उंचावर गुंफावयाची व ते आवळून धरावयाचे. पुढे या पट्टीची जागा कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली. १९५५ साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली आणि 'शिरोडकर टाका' हे नाव देशोदेशी पोहोचले. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅक्डोनाल्ड यांनी अधिक सोपी पद्धत मांडली. आज बहुधा तीच प्रथम वापरली जाते. तथापि काही बिकट प्रसंगी शल्यविशारद आजही शिरोडकरांच्या पद्धतीकडे वळतात.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. प्रत्येक गर्भपातावर हा टाका उपाय नव्हे. पहिल्या तीन महिन्यांतील बरेचसे गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. तेथे टाक्याचा उपयोग नाही. आता ध्वनिलहरींच्या तपासणीने गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते व टाका कोणास द्यावा, याचा निर्णय अधिक नेमकेपणाने होतो.

एवढ्यावरच त्यांचे संशोधन थांबले नाही. खाली उतरलेले गर्भाशय काढून न टाकता त्यास आधार देऊन पूर्ववत ठेवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी सिद्ध केली, तसेच बंद झालेल्या गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही मोलाची भर घातली. या कार्याचा परामर्श घेणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण देऊन गौरविले. ७ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

या सर्व कार्यात आम्हांस एक समान सूत्र दिसते. स्त्रीचे मातृत्व जेथे धोक्यात येई, तेथे तिच्या दैवास बोल न लावता कारण शोधावयाचे आणि शक्य तेथे अवयव राखून ते दूर करावयाचे, हा त्यांचा मार्ग होता. गर्भपाताचा ठपका सुनेवर ठेवण्याची वृत्ती आपल्या घरांतूनही अद्याप पुरती गेलेली नाही. अशा प्रसंगी तिला दूषण देण्याऐवजी वेळेवर तज्ज्ञाकडे नेले, तर हुबळीत शिकलेल्या या थोर शल्यविशारदाचे आपण खरे स्मरण केले, असे आम्ही समजू.