१७ सीझन खेळलेल्या स्टारला क्लबने विकलं : जॉनी युनायटसची गोष्ट

अमेरिकन फुटबॉलचा सीझन संपला की तिथे दरवर्षी एक वाद हमखास रंगतो. आपला क्वार्टरबॅक आता पस्तिशी ओलांडून गेलाय, पगार अवाढव्य आहे, मग क्लबने त्याच्याशी नव्याने करार करावा, पगार कमी करायला सांगावं, की सरळ नारळ द्यावा? आपल्याकडे आयपीएलच्या रिटेन्शन यादीआधी धोनीवरून जी चर्चा होते, तसंच काहीसं. फक्त आकडे कितीतरी मोठे.

क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे आधी दोन वाक्यांत सांगून टाकू. संघाचा प्रत्येक हल्ला त्याच्या हातातून सुरू होतो. चेंडू कुणाकडे फेकायचा, की न फेकता दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हा निर्णय तो दोन-तीन सेकंदांत घेतो आणि त्याच वेळी समोरून शे-सव्वाशे किलोची माणसं त्याला पाडायला धावत येत असतात. म्हणून संघातला सगळ्यात मोठा पगार बहुतेक वेळा त्याचाच असतो.

जॉनी युनायटस हा अशा क्वार्टरबॅकांमधला दादा माणूस. आणि म्हातारपणी क्लबशी कसं बिनसतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरणही तोच.

त्याचा जन्म ७ मे १९३३चा, पिट्सबर्गमधला. घराणं लिथुआनियन वंशाचं. वडिलांचा कोळसा पोचवण्याचा धंदा होता. जॉनी पाच वर्षांचा असताना वडील गेले आणि आईने काबाडकष्ट करून मुलं वाढवली. कॉलेज झालं लुईव्हिलला. १९५५च्या ड्राफ्टमध्ये म्हणजे खेळाडूंच्या निवडीत पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला नवव्या फेरीत घेतलं आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच घरी पाठवलं. सराव सामन्यांमध्ये त्याला एक पासही टाकू दिला नव्हता.

मग हा पठ्ठ्या काय करत होता? दिवसा बांधकामावर मजुरी आणि सुट्टीच्या दिवशी ब्लूमफिल्ड रॅम्स नावाच्या गल्लीतल्या संघाकडून फुटबॉल. एका मॅचचे सहा डॉलर! पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला चाचणीला बोलावलं आणि वर्षाला ७,००० डॉलरवर घेतलं. मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून १९५६मध्ये तो मैदानात उतरला. त्याचा पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने पकडला आणि थेट टचडाऊनपर्यंत नेला. सुरुवात यापेक्षा वाईट होणं कठीण.

पण त्याच वर्षी त्याने सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाऊन पास देण्याचा विक्रम सुरू केला. तो विक्रम २०१२मध्ये ड्रू ब्रीझने मोडला, म्हणजे अर्धं शतक कुणाला जमलं नाही.

२८ डिसेंबर १९५८. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, अजिंक्यपदाचा सामना, समोर न्यूयॉर्क जायंट्स. जेमतेम दोन मिनिटं उरलेली आणि कोल्ट्स १४-१७ने मागे. युनायटसने स्वतःच्या गोलरेषेजवळून चेंडू पुढे पुढे नेला, बराचसा रेमंड बेरीच्या हातात टाकत, आणि सात सेकंद उरले असताना किक मारून बरोबरी झाली. अजिंक्यपदाचा सामना जादा वेळेत जाण्याची ही पहिलीच वेळ. तिथेही युनायटसनेच संघाला गोलरेषेपर्यंत नेलं, स्कोअर २३-१७. कोट्यवधी लोकांनी हा सामना टीव्हीवर पाहिला. एनएफएलला टीव्हीने मोठं केलं असं म्हणतात, त्याची सुरुवात लोक याच दिवसापासून धरतात. विजेत्या संघातल्या प्रत्येकाच्या वाट्याला आले सुमारे ४,७०० डॉलर.

१९५९ला पुन्हा अजिंक्यपद. १९५९, १९६४ आणि १९६७मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताब. मग १९६८च्या सीझनआधी कोपर दुखावलं. त्याच्या जागी आलेल्या अर्ल मॉरलने संघाला १३-१ अशी कामगिरी करून दिली. सुपर बोलमध्ये मात्र न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध तो अडखळला. युनायटस शेवटच्या टप्प्यात उतरला आणि कोल्ट्सचा एकमेव टचडाऊन त्याच्याच काळात आला. सामना हरलाच. दोन वर्षांनी, जानेवारी १९७१मध्ये, त्याने जॉन मॅकीला ७५ यार्डांचा टचडाऊन पास दिला, नंतर स्वतः जखमी होऊन बाहेर गेला आणि कोल्ट्सने सुपर बोल जिंकला.

आता खरी कराराची गोष्ट. तेव्हाचे नियम आजच्यापेक्षा अगदी वेगळे होते. करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. दुसऱ्या क्लबने त्याला घेतलं तर जुन्या क्लबला भरपाई द्यावी लागे आणि ती किती, हे लीगचे आयुक्त ठरवत. मग कोण कशाला घेईल? घासाघीस करायची तर हातात पत्ते मालकाकडेच. (हा नियम कोर्टात मोडून काढला तो १९७६मध्ये, आणि दाव्यावर नाव होतं त्याच जॉन मॅकीचं. खुली भरती मात्र १९९३ला आली आणि पगारावरची मर्यादा १९९४ला.)

अशा व्यवस्थेत खेळाडूचा आधार म्हणजे मालकाची मर्जी. जुने मालक कॅरोल रोझेनब्लूम यांच्याशी युनायटसचं जमत होतं. खेळणं थांबल्यावरही क्लबसाठी काम करण्याचा करार त्यांनी त्याच्याशी केला होता. पण १९७२मध्ये रोझेनब्लूमनी अजबच सौदा केला. रॉबर्ट इर्से या व्यावसायिकाने लॉस एंजेलिस रॅम्स विकत घेतला आणि दोघांनी क्लबची चक्क अदलाबदल केली. शब्द दिलेला माणूसच गेला.

नवे जनरल मॅनेजर जो थॉमस आले. युनायटस ३९चा, आदल्या वर्षी टाचेचा स्नायू तुटलेला, संघ पाचपैकी चार सामने हरलेला. थॉमसनी त्याला बसवायला सांगितलं. कोच डॉन मॅकाफर्टी यांनी नकार दिला, तर त्यांचीच नोकरी गेली. जानेवारी १९७३मध्ये युनायटसला दीड लाख डॉलरला सॅन डिएगो चार्जर्सला विकून टाकलं.

निव्वळ खेळाच्या हिशेबाने पाहिलं तर थॉमस चुकले नव्हते, हे मान्य करायलाच हवं. त्यांनी लगेच बर्ट जोन्स हा तरुण क्वार्टरबॅक निवडला. दोन वर्षं संघाने सपाटून मार खाल्ला, पण १९७५ ते १९७७ सलग तीन वर्षं आपला गट जिंकला. चूक झाली ती सॅन डिएगोची. नाव पाहून त्यांनी दोन वर्षांचा मोठा करार केला. युनायटसने त्यांच्याकडे कारकिर्दीतले ४०,००० यार्ड पूर्ण केले, असं करणारा तो पहिलाच, पण टचडाऊन पास फक्त तीन आणि चुकून समोरच्याला गेलेले सात. त्याची जागा घेतली नवख्या डॅन फाउट्सने, जो पुढे स्वतः हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९७४च्या सीझनआधी युनायटसने खेळ सोडला.

मला बाल्टिमोरचा निर्णय पटतो, पद्धत पटत नाही. ३९व्या वर्षी त्याला पूर्ण पगारावर मुख्य क्वार्टरबॅक ठेवायची गरज नव्हती. पण कमी पगारावर राखीव म्हणून, बर्ट जोन्सला शिकवायला ठेवता आलं असतं. पुढच्या नोकरीचा शब्द तर आधीच दिलेला होता. नव्याने करार करण्याचा मार्ग होता, तो कुणी नीट चालून पाहिला नाही.

युनायटसने हे कधी विसरलं नाही. इर्सेने १९८४मध्ये क्लब इंडियानापोलिसला हलवला, तेव्हा त्याने नाव तोडलं. आपले विक्रम बाल्टिमोर कोल्ट्सचे आहेत, इंडियानापोलिसचे नाहीत, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. शहरात रेव्हन्स आले तसा तो त्यांच्या सामन्यांना मैदानाच्या कडेला उभा दिसायचा.

१९६८च्या त्या दुखापतीची किंमत मात्र वाढतच गेली. उतारवयात त्याच्या उजव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती. गोल्फ खेळायचा तर काठी हाताला पट्ट्याने बांधावी लागे. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी त्याने लीगकडे मागणी केली, ती नाकारली गेली. ११ सप्टेंबर २००२ला बाल्टिमोरजवळ टिमोनियममध्ये व्यायाम करताना हृदयविकाराचा झटका येऊन तो गेला. वय ६९.